असं व्हय?

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. खाली दुकान, वर आम्ही, आणि मधल्या जिन्यावर पायरीगणिक एकेक कर्णा उपडा घातलेला. पाहुणा जिना चढायला लागला की पहिल्याच कर्ण्याला त्याची लाथ बसायची, ‘टण्’ असा आवाज यायचा आणि वर आई चहाचं आधण ठेवायची. दारावरच्या घंटीची आम्हाला कधी गरज पडली नाही. घरभर दोन वास भरलेले असायचे. तारा जोडताना जळणाऱ्या राळेचा एक, आणि भाजलेल्या हुलग्यांचा दुसरा. अण्णांच्या घशासाठी आई रोज सकाळी हुलग्याचं माडगं करायची, गूळ घालून, पळीवरून सावकाश ओघळेल इतकं दाट. घसा हेच आमचं भांडवल, असं ती म्हणायची. अण्णांचा घसा बसला असं मात्र मी कधी ऐकलं नाही, त्यामुळं माडगं लागू पडत होतं की वाया जात होतं हे आजही सांगता येत नाही.

बिद्रीला लग्न असो, वाडीला उत्सव असो, नाहीतर गगनबावड्याला शाळेचं गॅदरिंग असो, माल टेम्पोत चढण्याआधी अण्णा तो बोळातच तपासायचे. “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. वन, टू, थ्री.” थ्रीच्या पुढं ते कधीच गेले नाहीत. तिथून पुढं समोर दिसेल ते बोलायचे. “वन, टू, थ्री, काकी, तुमचं दूध उतू चाललंय.” “वन, टू, थ्री, सायकल कुणाची हाय त्यानं काढा, म्हैस अडकलीया.” सगळा बोळ त्यावर चालायचा. आमचं जैनांचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. दिवस कलला की आई खाली उतरायची आणि माईकवर दोनच शब्द बोलायची, “जेवायला या.” मग आम्ही भावंडं जिथं असू तिथून पळत सुटायचो, आणि समोरच्या घरातले आजोबा खुर्चीतून म्हणायचे, “चला, झाला भोंगा. आता मावळू दे सूर्याला.”

आईचा आवाज घरात सगळ्यात बारीक होता आणि म्हणूनच आम्ही सगळे त्यालाच भीत होतो. तिच्याजवळ दोन शब्दांचं एक हत्यार होतं. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला ते समजावून सांगायला हवं. आमच्याकडं ‘व्हय’ म्हणजे होय, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण तोच ‘व्हय’ वाक्याच्या शेपटीला लावला आणि आवाज किंचित वर नेला, की त्याच्यात प्रश्न येतो, शंका येते, आणि ऐकणाऱ्याला एकदम आपण काय बोललो ते आठवायला लागतं. एकदा अण्णा वाडीच्या उत्सवाहून दिवस मावळून गेल्यावर परतले. सूर्यानंतर जेवण नाही, म्हणजे उपाशी झोपणं आलं. टेम्पो पंक्चर झाला, अमुक ठिकाणी झाला, स्टेपनीसुद्धा बसलेली निघाली, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. आई धुणं घडी घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, “असं व्हय?” अण्णांनी मान खाजवली. मग म्हणाले, “म्हणजे पंक्चर तसं जातानाच झालतं. येताना जरा कुस्त्या बघत थांबलो.” आईनं विचारलं काहीच नव्हतं. घड्या तेवढ्या घातल्या.

या अशा गडगडाटी माणसाला मी वर्षातून काही वेळा वेगळ्याच रूपात बघायची. लाउडस्पीकर लावायचा तर पोलीस चौकीची परवानगी लागते. अर्जाची पिशवी धरायला अण्णा मला बरोबर न्यायचे, आणि पायरीवर चपला काढताना चपलांशेजारी आपला आवाजही काढून ठेवायचे. तेव्हाचे साहेब म्हणायचे, “काय उकडतंय आज.” अण्णा म्हणायचे, “व्हय साहेब.” साहेब कागद चाळता चाळता म्हणायचे, “नाही तरी वारं गार आहे म्हणा.” अण्णा म्हणायचे, “व्हय साहेब, गारच हाय.” मी बाजूला घामानं निथळत उभी. येताना एकदा मी विचारलं, “अण्णा, तुम्ही त्यांना भिता व्हय?” “भीत न्हाय,” अण्णा म्हणाले. “परवाना लागतो.” मोठेपणी मी भीतीवर बरंच काही वाचलं, जाडजूड वाचलं, पण त्या दोन शब्दांपेक्षा नेमकं काही माझ्या हाती लागलेलं नाही.

कॉलेजात गेल्यावर ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात मला भविष्यकाळातल्या हुकूमशाहीच्या कादंबऱ्या सापडल्या. भाषांतरं होती, पानं पिवळी पडलेली, आणि माझ्याआधी कुणी घरी नेल्याची खूण नव्हती. त्यात भिंतींना डोळे असायचे, माणसांना नावांऐवजी आकडे असायचे, सगळे एका रंगाचे कपडे घालून एकाच वेळी एकच बेचव लापशी खायचे आणि सरकार सांगेल त्याला मान डोलवायचे. मी वेड्यासारख्या वाचल्या. घाबरत वाचल्या, आणि घाबरता घाबरता मजाही आली, जशी उंच पाळण्यात येते. एकच गोष्ट मला खुपायची. त्या शहरांत कुणी कुणाची टिंगल करत नव्हतं. इतकी माणसं आणि एकही खोडकर नाही, हे काही माझ्या मनाला पटेना. आमच्याकडं असलं सरकार आलं असतं, तर लोकांनी पहिल्यांदा विचारलं असतं, “रस्सा चालू ऱ्हाणार न्हवं?”

पण हे शहाणपण मला लिहिताना सुचलं नाही. लिहिताना मी अतिशय गंभीर झाले. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांसाठी मी ‘होयनगर’ नावाची एकांकिका लिहिली. होयनगरात ‘नाही’ हा शब्द कोशातून काढून टाकलेला असतो. चौकात एक कर्णा टांगलेला असतो आणि रोज सकाळी त्यातून सरकार काय घडलं ते सांगतं. राखाडी कपड्यांतले नागरिक रांगेत उभे राहून म्हणतात, “होय.” शेवटी नायक एकदाच “नाही” म्हणतो आणि अंधार होतो. ते वाचून माझं मलाच रडू आलं, आणि रडू येतंय म्हणजे भारी झालंय असं मी ठरवून टाकलं. भाषा अर्थातच शुद्ध ठेवली. आम्ही कोल्हापूरच्या पोरी ‘मी येतो, मी जातो’ म्हणणाऱ्या. पण भविष्यकाळ ही गोष्ट पुण्याच्या बाजूला कुठंतरी असणार आणि तिथं ‘व्हय-न्हाय’ चालत नसणार, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती.

एकांकिका बसवायला देशमाने सर होते. भला माणूस. त्यांना दोनच गोष्टींची भीती होती, चुकीच्या उच्चाराची आणि प्राचार्यांची. त्यांनी संहिता वाचली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “उत्तम आहे. पण हे सरकार म्हणजे कुठलं सरकार?”

“कुठलंच नाही सर. कल्पनेतलं.”

“ते तुला आणि मला माहीत. प्रेक्षकाला कसं कळणार की कुठलंच नाही?”

“सर, नावच होयनगर आहे.”

“नगर म्हटलं की कुणाला तरी नगरपालिका आठवते.”

मग ‘सरकार’चं ‘व्यवस्थापन’ झालं. दोन दिवसांनी सरांच्या लक्षात आलं की कॉलेजलाही व्यवस्थापन आहे. म्हणून त्याचं ‘वरची मंडळी’ झालं. ते कुणाला तरी देवांवरची टीका वाटली, म्हणून ‘ती मंडळी’ उरली. पहारेकऱ्यांचे खाकी कपडे तपकिरी झाले, मग बदामी झाले, आणि शेवटी ते पहारेकरी न दिसता आइस्क्रीमवाले दिसायला लागले. आक्षेप कुणी घेतला नव्हता. प्राचार्यांनी संहिता मागितलीही नव्हती. कुणी ओरडायच्या आधीच आम्ही सगळे त्याच्या वतीनं घाबरून घेत होतो. असली कामं सरकारला पगार देऊन करून घ्यावी लागतात असं मला वाटायचं. आम्ही ती फुकट करत होतो, आणि रोज संध्याकाळी वेळेवर जमून करत होतो.

नागरिकांच्या रांगेत पहिला उभा राहायला आम्हाला भरदार देह हवा होता, म्हणून तालमीतून बबनला आणलं. बिद्रीजवळचा, उसाच्या रानातला, कुस्तीसाठी शहरात राहिलेला. हाक मारली तर आधी कान पुढं करायचा, कारण त्याचे दोन्ही कान कुस्तीत मोडलेले होते. त्याला एकच शब्द म्हणायचा होता, ‘होय’, आणि तोच त्याला येत नव्हता.

“बबन, ‘होय’. ‘हो’ आणि मग ‘य’,” सर म्हणायचे.

“व्हय सर.”

“व्हय नव्हे. होय.”

“व्हय की सर, त्येच म्हणतोय.”

रोज नाटकाच्या तालमीनंतर सर त्याला बाजूला घेऊन ‘होय’ घोटवायचे. बबन डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, दंड मारल्यासारखा तो शब्द काढायचा. शेवटी तो जमला. सरांनी त्याला स्वतःच्या पैशानं गंगावेशीत नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात अण्णा जेवायला आले ते चेहरा पाडूनच. सभागृहातली ध्वनिव्यवस्था त्यांच्याकडंच होती, त्यामुळं मला वाटलं, काही सामान बिघडलं असेल.

“शैले,” ते म्हणाले, “त्यो कर्णा काढ नाटकातनं.”

“अण्णा, कर्णाच तर सरकार हाय.”

“म्हणूनच काढ म्हणतोय.”

“मग सरकार बोलणार कुठनं?”

“न बोलता चालवंना की. खरं सरकार कुठं बोलतंय आपल्यासंगं?”

आई भाकरी थापत होती. “झालं काय?”

“नवीन फौजदार येणार हाईत बघायला. पाहुणे म्हणून. पुढल्या महिन्यात गणपती. माझ्याच कर्ण्यातनं सरकारची टिंगल ऐकली आणि परवाना अडिवला, तर वर्षभर खायाचं काय आपण? कर्णे?”

“फौजदार म्हणाले व्हय तसं?”

“म्हणाले न्हाईत.”

“मग कोण म्हणालं?”

“कोण म्हणायला कशाला पायजे? आपल्याला कळतंय की.”

“असं व्हय?” आई म्हणाली.

मी अण्णांकडं बघत राहिले. आता ते ओशाळणार, मान खाजवणार, ‘म्हणजे तसं न्हवं’ म्हणणार. पण त्या दिवशी त्या हत्याराची धार चालली नाही. अण्णांनी ताट पुढं सारलं आणि अर्धी भाकरी टाकून ते उठले. आमच्या घरात भाकरी टाकून कुणी उठत नसे. त्या दिवशी टेस्टिंग झालं नाही. शेजारच्या काकी जिन्यात येऊन हळूच विचारून गेल्या, “कोण गेलं काय तुमच्यात?”

मी माझ्यापुरतं ठरवलं की नाटक मागं घ्यायचं. होयनगर हे नगर कागदावर होतं आणि गणपतीचा महिना खराखुरा होता. त्या महिन्यावर आमचं अर्धं वर्ष निघायचं, माझ्या कॉलेजची फीसुद्धा. सकाळी हे सांगायला मी स्वयंपाकघरात गेले, तर अण्णा माडग्याची वाटी हातात धरून बसलेले आणि आई त्यांच्याकडं पाठ करून बोलत होती. “अवं, सगळ्या गावाला कर्णे दिलासा. बाजूनं बोलणाऱ्यालाबी दिलासा, उलटं बोलणाऱ्यालाबी दिलासा. कुणाला कधी विचारलासा न्हाई, काय बोलणार म्हणून. घरच्या पोरीला तेवढं विचारतासा.”

अण्णांनी वाटी संपवली. तळाचा गूळ बोटानं पुसून खाल्ला. “देतो कर्णा,” ते म्हणाले. “पण ॲम्प्लिफायरपाशी मी बसणार. काय वंगाळ वाटलं की बटण बारीक. मग रडायचं न्हाई.”

अशा रीतीनं होयनगरला एक नवीन अधिकारी मिळाला, आणि तो आमच्याच घरातला होता.

प्रयोगाला सभागृह खच्चून भरलं. सरकारचा आवाज माझाच होता. ‘सरकार बाईचं कसं?’ अशी सरांना शंका होती, पण कर्ण्यातून आल्यावर कुणाचाही आवाज सरकारीच वाटतो, हे त्यांनी स्वतःच ऐकून मान्य केलं. मी विंगेत स्टुलावर, हातात माईक. शेजारी अण्णा, इस्त्रीचा सदरा घालून, उजवा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर. वर रंगमंचाच्या मधोमध वेळूला टांगलेला आमच्या जिन्यावरचा सगळ्यात मोठा कर्णा, ज्याला प्रत्येक पाहुण्याची लाथ बसलेली होती. पहिल्या रांगेत फौजदार. मी मिशाळ, पोट सुटलेला माणूस धरून चालले होते. निघाला किडकिडीत, चष्मेवाला, सारखा पोटात दुखतंय असा चेहरा केलेला.

पडदा उघडला. नागरिक छत्र्या उघडून, चिंब भिजल्यासारखे उभे. मी म्हणाले, “आज कडक ऊन पडलं आहे.” नागरिक म्हणाले, “होय.” कुणी हसलं नाही. नागरिकांच्या हातात वाट्या आल्या, त्यांत नुसतं पाणी. मी म्हणाले, “आज जेवणात तांबडा रस्सा आहे.” नागरिक पाणी प्याले आणि म्हणाले, “होय.” कोल्हापुरात, भरल्या सभागृहात, या वाक्याला कुणी हसेना, तेव्हा मी विंगेच्या फटीतून बघितलं. सगळे प्रेक्षक रंगमंचाकडं न बघता फौजदारांच्या मानेकडं बघत होते. ती मान हलली तर हसायचं, नाहीतर नाही. मी लिहिलेलं नाटक वर चालू होतं आणि खाली प्रेक्षागृहात तेच नाटक जास्त चांगलं चालू होतं, तालीम न करता.

त्या मानेचा मला राग आला. पुढचं वाक्य होतं, ‘त्या मंडळींना सर्व काही ऐकू येतं.’ मी माईक तोंडाशी घेतला आणि मूळ लिहिलेलं वाक्य म्हणून टाकलं. “सरकारला सर्व काही ऐकू येतं.”

अण्णांनी दचकून माझ्याकडं बघितलं. बोटं बटणावर आवळली. मला त्यांच्या मनगटावरची शीर दिसत होती. कर्ण्यातला घुमणारा सूर किंचित उतरला. आता रांगेतल्या पहिल्या नागरिकानं ‘होय’ म्हणायचं, आणि मग बटण बंद, नाटक बंद.

पहिला नागरिक म्हणजे बबन. तो हे वाक्य नव्यानंच ऐकत होता. तालमीत सगळं ‘ती मंडळी’ होतं. हे सरकार अचानक कुठून आलं, त्याला कळेना. त्यानं मोडका कान वर कर्ण्याकडं केला. घोटवलेला ‘होय’ कुठल्या कुठं गेला. आणि रानात बांधावर उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं तसा, अगदी मनापासून, कसलीही खोड मनात न ठेवता तो म्हणाला, “असं व्हय?”

सगळ्यांचे डोळे पुन्हा त्या मानेकडं. तेवढ्यात पहिलं कोण हसलं असेल, तर सरकार हसलं. म्हणजे अण्णा हसले. बायकोचं वाक्य त्या अजस्र पोराच्या तोंडून ऐकून त्यांना हसू फुटलं. अण्णांचं हसू गार पडलेल्या टेम्पोसारखं. आधी दोन-तीनदा घरघरायचं आणि मग एकदम सुरू व्हायचं. माईक आमच्या दोघांच्या मध्ये, उघडा. ते सगळं हसू त्या कर्ण्यातून गडगडत बाहेर पडलं. होयनगरचं सरकार आपल्या नागरिकाचं बोलणं ऐकून पोट धरून हसत होतं.

मग जे झालं त्याला हशा म्हणणं कमीच होईल. माणसं खुर्च्यांवर हात आपटत होती. मी फटीतून फौजदारांना शोधलं. ते चष्मा काढून रुमालानं डोळे पुसत होते आणि पोटातलं दुखणं चेहऱ्यावरून गेलं होतं. माझ्यामागं विंगेत देशमाने सर भिंतीला टेकून ‘होय, होय’ असं पुटपुटत होते. आणि अण्णांनी हसता हसता ते बटण फिरवलं. मला वाटलं, बंद केलं. त्यांनी मोठं केलं होतं.

बाकीच्या नागरिकांना आता वाट सापडली. मी म्हणाले, “सरकारला राग आला आहे.” सगळी रांग म्हणाली, “असं व्हय?” मी म्हणाले, “सरकार आता शिक्षा करणार आहे.” रांग म्हणाली, “असं व्हय?” आणि मागच्या बाकांवरूनही तेच आलं. बंदी ‘नाही’वर होती. ‘व्हय’वर बंदी घालणार कशी? तो तर होकार. एकही नियम न मोडता त्या नागरिकांनी सरकारला घाम फोडला. माझ्याजवळची वाक्यं संपली. काय करावं कळेना, तेव्हा घराण्याचं होतं तेच तोंडातून आलं. “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. वन, टू, थ्री.” पडदा पडला. ‘नाही’ म्हणणारा नायक विंगेतच राहिला. त्याची पाळीच आली नाही. आजही कुठल्या लग्नात भेटला की म्हणतो, “माझा ‘नाही’ खाल्लास तू.”

प्रयोगानंतर फौजदार आत आले. अण्णांचं हसू चपलांशेजारी जाऊन बसलं होतं.

“कर्ण्यातनं हसलं कोण?” फौजदारांनी विचारलं.

अण्णांनी हात जोडले. “मी, साहेब. माईक उघडा ऱ्हायला. चूक झाली.”

“चूक व्हय ती?” फौजदार म्हणाले. “नोकरीला लागल्यापास्नं ‘होय सर’ म्हणतोय मी. आज दुपारीबी म्हणूनच आलोय. ह्ये पोरगं बोललं तवा मला वाटलं, माझ्याच तोंडातनं सुटलं.” मग बबनकडं वळून म्हणाले, “पावणं, गाव कुठलं?”

“बिद्रीजवळ, साहेब.”

“तरीच,” एवढंच बोलून ते गेले.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी भाषेला शिस्त नसल्याचा शेरा दिला. शिस्त नव्हती हे खरंच, तीच तर मोडली होती.

हे लिहिताना माझ्या शेजारी फोन पडलाय. आता कर्णा चौकात टांगावा लागत नाही, ज्याचा त्यानं खिशात घातलेला असतो आणि चार्जिंगही ज्याचं त्यानंच करायचं असतं. आमच्या अपार्टमेंटचा एक ग्रुप आहे. सकाळी अध्यक्ष काहीतरी फर्मान टाकतात, अमुक लोकांना घर द्यायचं नाही, तमुक गोष्ट सगळीकडं पसरवा, आणि खाली एकामागून एक अंगठे उगवायला लागतात. मी भांडत बसत नाही. दोन शब्द टाकते आणि चहाला उठते. परत येईपर्यंत कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘म्हणजे मीपण नक्की वाचलं नाही, आलेलं पुढं पाठवलं.’ सगळ्या दिवशी लागू पडतं असं नाही. माडग्यासारखंच आहे ते. पण रोज करायचं.

गणपतीच्या परवान्याचं मात्र सांगायचं राहिलं. “हसले म्हणून सही करतीलच, असं कुठाय?” अण्णा रोज म्हणायचे. शेवटी एका सकाळी आम्ही दोघं चौकीत गेलो. पायरीवर अण्णांनी चपला काढल्या, आणि मी बघत होते, आवाजही काढला. फौजदार वर्दीत होते, चेहरा पुन्हा पोटदुखीचा. अर्जाकडं न बघताच म्हणाले, “आज काम व्हणार न्हाई. सही करणारे मोठे साहेब बाहेर गेल्यात.”

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

अण्णांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘व्हय साहेब’ म्हणायला त्यांचे ओठ हललेसुद्धा. त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं, मग फौजदारांकडं, आणि अगदी हळू, आईच्या पट्टीत म्हणाले, “असं व्हय?”

फौजदारांनी मान वर केली. मग फौजदारांच्या मिटल्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. त्यांनी अर्ज उचलला, “बसा” म्हणाले, आणि आत गेले. आत थोडी कुजबुज झाली. बाहेर आले तेव्हा सही झालेली होती. “आवाज बारीक ठेवायचा,” ते म्हणाले.

“व्हय साहेब,” अण्णा म्हणाले. तो मात्र साधा व्हय होता.

घरी येईपर्यंत अण्णांचा आवाज परत चढला. जिन्यातल्या पहिल्या कर्ण्याला त्यांनी मुद्दाम लाथ घातली. आई तव्यावर भाकरी टाकत होती. अण्णांनी परवान्याचा कागद तिच्यासमोर हलवला आणि उभ्या उभ्याच सुरुवात केली. “मी सरळ टेबलावर हात आपटला. म्हटलं, फौजदार, साहेब बाहेर गेल्यात तर आत खोकतंय कोण, त्ये आधी सांगा. सगळी चौकी गार पडली, ह्या पोरीला विचार.”

आईनं भाकरी उलटली. “असं व्हय?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी माडग्याच्या पातेल्यात बघितलं.

“म्हणजे,” अण्णा पाटावर बसत म्हणाले, “हात न्हाई आपटला. पण म्हटलं.”